माशांच्या आधी येणारे रहिवासी

पुण्यात बुधवार पेठेतल्या जुन्या वाड्याच्या वरच्या मजल्यावर दोन फूट लांब, फूटभर रुंद आणि तेवढीच उंच काचेची टाकी मांडली आहे असं समजा. तिच्यात 56 लिटर पाणी मावतं. वाळू-दगड धरून वजन सहज सत्तर किलोंच्या पुढं जातं, म्हणून ती भिंतीलगत, तुळयांवर आडवी ठेवली आहे. वर तपकीर गल्लीतून आणलेला एलईडी दिवा, आत व्हॅलिसनेरियाच्या फिती आणि जावा फर्न. महिना झाला, मासा एकही नाही. तरी ही टाकी रिकामी नाही. फिल्टरच्या स्पंजात, वाळूच्या कणाकणावर, पानांच्या पाठीवर कोट्यवधी जिवाणूंची वस्ती झाली आहे. मासे जगणार की नाही, हे ठरवणार तीच.

मासा कल्ल्यांवाटे अमोनिया बाहेर टाकतो. वाहत्या नदीत तो दूर निघून जातो. टाकीत साठतो आणि त्याच कल्ल्यांना भाजतो. इथं या वस्तीचं काम सुरू होतं. जिवाणूंचा एक गट अमोनियाचं नायट्राइट करतो. तेही विषारीच, कारण ते माशाच्या रक्तातल्या हिमोग्लोबिनला प्राणवायू वाहू देत नाही. दुसरा गट नायट्राइटचं नायट्रेट करतो. ते बरंच सौम्य असतं आणि वनस्पतींना खत म्हणून चालतं.

हे जिवाणू अमोनिया किंवा नायट्राइट जाळून जी ऊर्जा मिळवतात, तिच्या बळावर पाण्यात विरघळलेल्या कार्बन डायऑक्साइडपासून आपलं शरीर घडवतात. त्यासाठी त्यांना सूर्यप्रकाश लागत नाही. सूक्ष्मजीवशास्त्रज्ञ सर्गेई विनोग्राडस्कीनं 1890च्या सुमारास हे दाखवून दिलं. पुढं सव्वाशे वर्षं शास्त्रज्ञ धरून चालले होते की या दोन पायऱ्यांसाठी दोन वेगळे जिवाणू लागतात. 2015 साली दोन्ही कामं एकट्यानं करणारे नायट्रोस्पायरा जिवाणू सापडले, आणि त्यांतले काही चक्क मत्स्यपालनाच्या पाण्याच्या फिल्टरमध्ये!

टाकी ‘सायकल’ झाली का, म्हणजे तिच्यातली जिवाणूंची वस्ती कामाला पुरेशी झाली का, हे टेस्ट किट सांगतं. लिटरमागं दोन मिलिग्रॅम भरेल इतका अमोनिया घालायचा आणि दुसऱ्या दिवशी काचेच्या नळीत पाणी घेऊन थेंब टाकायचे. नेहमीच्या किटमध्ये अमोनियाची नळी पिवळी राहिली आणि नायट्राइटची निळी राहिली, की दोन्ही शून्य. म्हणजे एका दिवसात सगळा अमोनिया संपला.

मग पिशवीभर मासे एकदम का सोडू नयेत? कारण जिवाणू असतात मिळणाऱ्या अमोनियापुरतेच, आणि वाढतात फार सावकाश. ई. कोलाय अनुकूल परिस्थितीत वीस मिनिटांत दुप्पट होतो. यांना त्यासाठी दिवसाच्या आसपास वेळ लागतो. म्हणून अशा टाकीत आधी सहा झेब्रा डॅनिओ. अन्न चिमूटभर. दोन आठवडे नळ्या पिवळ्या-निळ्या राहिल्या, तरच तळाशी वावरणारे चार-सहा छोटे कोरीडोरास. झाडंही अमोनिया थेट शोषून घेतात, त्यामुळं हिरव्या टाकीत जरा सवड मिळते. गोल्डफिश मात्र इथं नकोच. तो वाढतो मोठा आणि घाण करतो त्याहून जास्त.

दुकानातून आणलेल्या बांधलेल्या पिशवीतही रसायनशास्त्र चालूच असतं. माशांच्या श्वासातला कार्बन डायऑक्साइड आत कोंडतो आणि पाण्याचा सामू उतरतो. सामू 7 असेल तर 25 अंशांना अमोनियाचा शंभरातला एक भागही विषारी रूपात नसतो. सामू 8 झाला की हाच वाटा पाचाच्या वर जातो. बराच वेळ बांधून राहिलेली पिशवी उघडली की वायू उडतो, सामू चढतो आणि इतका वेळ निरुपद्रवी असलेला अमोनिया विषारी होतो. म्हणून पिशवी बांधलेलीच पंधरा-वीस मिनिटं टाकीत तरंगत ठेवावी. तापमान जुळलं की उघडून मासे जाळीनं लगेच आत घ्यावेत. पिशवीतलं पाणी टाकीत ओतू नये.

पुण्याच्या नळाला खडकवासल्याचं पाणी येतं ते क्लोरीन घालून. आपल्यासाठी ते हवंच, पण स्पंज नळाखाली धुतला तर महिनाभराची वस्ती धुऊन जाते. तो टाकीतून काढलेल्या पाण्यातच पिळावा आणि नवं पाणी क्लोरीन घालवूनच भरावं.

हा सगळा हिशेब काचेबाहेरही लागू पडतो. बुधवार पेठेपासून मुठा नदी चालत जाण्याच्या अंतरावर आहे. मुठेच्या दगडांवरही हेच जिवाणू राहतात आणि त्यांचंही काम त्यांच्या ताकदीपुरतंच चालतं. शहराचं सांडपाणी त्या ताकदीबाहेर गेलं, की नदी न सायकल झालेल्या टाकीसारखी होते. मैलाशुद्धीकरणात अमोनिया संपवायचा, तर तिथंही याच जिवाणूंना जागा, हवा आणि वेळ द्यावा लागतो. घरात सहा मासे सोडून दोन आठवडे थांबायला जो शिकला, त्याला नदीत किती मैला सोडावा हा प्रश्नही नेमका विचारता येतो. मुठेच्या काठी राहणाऱ्यानं तो विचारायलाच हवा.