भूमध्यसमुद्राच्या तळाची राहदारी

अल्जीरियाच्या सहारा प्रांतात हासी रमेल येथे १९५६ साली नैसर्गिक वायूचा जो प्रचंड साठा सापडला, त्याने उत्तर आफ्रिका आणि दक्षिण युरोप यांच्या संबंधांना नवेच वळण दिले. कारण तेल पिंपांत भरून कुठेही धाडता येते, पण वायूला गिऱ्हाइकाच्या दारापर्यंत नळ तरी हवा, नाहीतर शून्याखाली १६२ अंशांपर्यंत थंड करून त्याचा द्रव करणारे कारखाने आणि तो द्रव वाहणारी खास बांधणीची जहाजे तरी हवीत. इटलीच्या एनी या सरकारी तेलसंस्थेचे संस्थापक एन्रिको मात्तेई यांनी, अल्जीरियावर फ्रान्सचा अंमल असतानाच, तेथील स्वातंत्र्ययोद्ध्यांचा पक्ष घेतला होता. जुलै १९६२ मध्ये तो देश स्वतंत्र झाला आणि त्याच वर्षी २७ ऑक्टोबरला मात्तेई विमान-अपघातात मरण पावले. हासी रमेलचा वायू सिसिलीत आणणाऱ्या नळमार्गाला पुढे त्यांचे नाव देण्यात आले, ते योग्यच झाले असे मला वाटते. कारण परक्या देशाशी पंचवीस-तीस वर्षांचा सौदा करायचा, तर त्याच्या पडत्या काळात दाखवलेली आस्था हेच त्या सौद्याचे पहिले तारण असते.

हा मार्ग अल्जीरियातून ट्युनिशियात शिरतो, केप बॉनच्या टोकापाशी समुद्रात उतरतो आणि सुमारे १५५ किलोमीटरची सामुद्रधुनी तळाने ओलांडून सिसिलीतील माझारा देल व्हालो येथे वर येतो. त्या वाटेवर पाण्याची खोली सहाशे मीटरांहून अधिक आहे, आणि सत्तरीच्या दशकात इतक्या खोलीवर असा नळ टाकण्याचा अनुभव कोणाच्याच गाठी नव्हता; त्यासाठी ‘कास्तोरो सेई’ हे जहाज मुद्दाम बांधावे लागले. अशा जहाजावर सुमारे बारा मीटर लांबीचे पोलादी नळ एकापुढे एक मांडतात, सांधे वितळजोडाने जोडतात, प्रत्येक सांध्याची आरपार तपासणी करून त्यावर गंजरोधक लेप चढवतात, आणि मग जहाज तेवढेच अंतर पुढे सरकते. मागच्या बाजूस पाण्यात उतरलेल्या वक्र सांगाड्यावरून ती अखंड नळी प्रथम खाली वाकते आणि तळाशी पोचताना पुन्हा आडवी होते. ती वाकत असताना तिला चिमटा बसू नये म्हणून जहाजावरील पकडयंत्रे तिला सतत ताणून धरतात. याच वेळी नळी सर्वांत दुर्बळ असते, कारण आत नुसती हवा आणि बाहेर समुद्राचा सारा भार. एका जागी जरी ती पपईच्या पोकळ देठासारखी चेपली, तरी तो चेप पाण्याच्या दाबाने क्षणार्धात लांबवर धावत जातो, म्हणून ठरावीक अंतरावर जाड पोलादी कडी बसवून त्याची वाट अडवावी लागते. एका रुंद नळाऐवजी वीस-वीस इंची तीन नळ टाकण्याचे कारणही हेच, की व्यास जितका मोठा तितके दाबाला टिकणे अवघड.

पाण्याखालचे हे काम १९८१ साली पुरे झाले, परंतु वायू वाहू लागला तो १९८३ मध्ये. मधली दोन वर्षे भावाच्या तंट्यात गेली. त्याआधी ट्युनिशियाने राहदारीचा हिस्सा इतका चढा मागितला होता, की एनीने नळाचा नाद सोडून जहाजांचा विचार चालवला, आणि तेव्हा कुठे मागणी खाली येऊन १९७७ चा करारनामा झाला. ही घासाघीस कित्येकांना ओंगळ वाटते. मला ती हितकारक वाटते. वाटेतल्या देशाचा वाजवी हिस्सा एकदा ठरला, म्हणजे नळ वाहता ठेवणे ही त्याचीही गरज होते, आणि ट्युनिशियात राज्यक्रांती होऊन सत्ता पालटली तरी तो व्यवहार मोडला नाही.

याहून बोलके उदाहरण पश्चिमेकडचे आहे. हासी रमेलहूनच निघालेला दुसरा मार्ग मोरोक्को ओलांडून, जिब्राल्टरच्या सामुद्रधुनीच्या तळाने १९९६ साली स्पेनला पोचला. पश्चिम सहाराच्या प्रश्नावरून अल्जीरिया आणि मोरोक्को यांच्यात जुने वैर, त्यांची भूसीमा १९९४ पासून बंद. माणसाला जिथून जाता येत नव्हते, तिथून वायू मात्र पंचवीस वर्षे जात राहिला, आणि त्यातल्या मोरोक्कोच्या वाट्यावर तहद्दार्त व ऐन बेनी मथार येथील वीजकेंद्रे चालत राहिली. मग २०११ साली मेडगाझ वाहिनी सुरू झाली: अल्जीरियाच्या बेनी साफपासून स्पेनच्या अल्मेरियापर्यंत, कोणाच्याही भूमीला न शिवता, २१० किलोमीटर, आणि सर्वांत खोल जागी २,१६० मीटर, जिथे पाण्याचा दाब पृष्ठावरील हवेच्या दोनशेपटीहून अधिक आहे. स्थापत्यशास्त्राचा हा पराक्रम निर्विवाद आहे. पण त्याचा एक परिणाम फारसा कोणी बोलून दाखवत नाही: आडवाट तयार झाल्यावर भांडण स्वस्त झाले. ऑगस्ट २०२१ मध्ये अल्जीरियाने मोरोक्कोशी राजनैतिक संबंध तोडले, ३१ ऑक्टोबरला नळाच्या करारनाम्याची मुदत संपली, आणि तो पुन्हा लिहिला गेला नाही. मेडगाझ नसती, तर स्पेनसारखे गिऱ्हाईक गमावण्याच्या भयाने तरी उभय पक्ष एका मेजावर बसले असते, असे माझे मत आहे.

पुढे जून २०२२ पासून जिब्राल्टरच्या त्याच नळातून वायू उलट दिशेने, स्पेनकडून मोरोक्कोकडे वाहू लागला. मोरोक्को जगाच्या बाजारात द्रवरूप वायू विकत घेतो, स्पेनच्या बंदरांत त्याचा पुन्हा वायू होतो आणि तो समुद्रतळाने दक्षिणेला जातो. आपला एक रेणूही त्यात मिसळता कामा नये, नाहीतर करारभंग समजू, अशी ताकीद अल्जीरियाने स्पेनला आधीच देऊन ठेवली होती. शेजारच्या वाळवंटातला वायू सोडून दूरदेशीचा, गोठवून जहाजाने आणलेला वायू जाळणाऱ्या मोरोक्कोच्या प्रजेला या हट्टाची किंमत मोजावी लागते, आणि तिला तर कोणी विचारलेही नव्हते.

आपल्या अरबी समुद्रातही हाच पेच आहे. मुंबई हायचा वायू समुद्रतळाच्या नळाने उरणला येतो, तो आपल्याच पाण्यातून; आखातातला वायू मात्र दहेजला येतो तो जहाजाने. इराणचा नळ पाकिस्तानमार्गे आणण्याची बोलणी अनेक वर्षे होऊनही भारत त्यात उतरला नाही. ओमानहून थेट समुद्रतळाने नळ आणण्याचा मनसुबा १९९३ पासून सरकारदरबारी आहे, आणि त्याची रेघ पाकिस्तानच्या आर्थिक सागरक्षेत्राबाहेरून ओढलेली असल्यामुळे ती सुमारे ३,५०० मीटर खोल पाण्यात उतरते. मेडगाझच्या दीडपटीहून अधिक अशा त्या खोलीवर वायूचा इतका लांब नळ अद्याप कोणत्याही देशाने टाकलेला नाही. त्या कामाचा अंदाजखर्च मांडताना पोलाद, जहाजे आणि व्याज यांच्या रकान्यांशेजारी, शेजाऱ्याशी न बोलण्याची किंमत म्हणून एक वेगळा रकाना आपल्या अर्थखात्याने आखावा, अशी माझी मनःपूर्वक इच्छा आहे.