रिकाम्या पोटाचं दुष्टचक्र (लेखांक ५)

मागच्या आठवड्यात आपण अ‍ॅनोरेक्सिया या खाण्याशी निगडित आजाराचा पहिला प्रकार पाहिला, ज्यात माणूस खाणंच तोडत जातो. दुसऱ्या प्रकारात उपासमार तशीच असते. पण मधूनच ताबा सुटतो, समोर येईल ते भराभर खाल्लं जातं आणि मग ते उलटी करून किंवा जुलाबाची औषधं घेऊन बाहेर काढण्याची धडपड सुरू होते. बुलिमिया या दुसऱ्या आजारातही हेच घडतं, पण तिथे वजन बहुधा ठीकठाक असतं. इथे ते धोक्याच्या पातळीपर्यंत उतरलेलं असतं.

‘एवढी खाते, मग आजार कसला?’ हा प्रश्न रुग्णाला फार लागतो. त्याचं उत्तर एका जुन्या प्रयोगात सापडतं. 1944-45 मध्ये अमेरिकेतल्या मिनेसोटा विद्यापीठात संशोधक अ‍ॅन्सेल कीज यांनी 36 निरोगी तरुणांना, त्यांच्या संमतीने, सुमारे सहा महिने अर्धपोटी ठेवलं. ही मुलं दिवसभर जेवणाचाच विचार करू लागली, पाककृती जमवू लागली, ताटं चाटू लागली. काहींचा ताबा सुटला. ते अधाशासारखे खायचे आणि नंतर स्वतःलाच दोष द्यायचे. यांतल्या कुणालाही बारीक व्हायचं नव्हतं. उपाशी शरीर असंच वागतं. त्याला हावरटपणा म्हणणं हा अन्याय आहे.

खाल्लेलं बाहेर काढण्याने हाती फारसं काही लागत नाही. जुलाबाच्या गोळ्या मुख्यतः मोठ्या आतड्यावर काम करतात. अन्नातली ऊर्जा त्याआधीच लहान आतड्यात शोषलेली असते. जातं ते पाणी आणि क्षार. त्यातलं पोटॅशियम घसरलं की हृदयाचे ठोके बिघडतात, कधी कसलीही चाहूल न देता. गायिका कॅरन कार्पेंटर 1983 मध्ये, अवघ्या 32व्या वर्षी, अ‍ॅनोरेक्सियामुळे हृदय निकामी होऊन गेली.

घरात काय दिसतं? जेवण उरकताच बाथरूमचं दार लागतं आणि नळ मोठा सोडलेला ऐकू येतो. बोटांच्या सांध्यांवर घट्टे पडतात. आम्लाने दात आतल्या बाजूने झिजतात, त्यामुळे कधीकधी पहिली शंका दंतवैद्यालाच येते. सगळ्यात फसवी खूण गालांची. वारंवार उलट्यांनी लाळग्रंथी सुजतात, चेहरा भरलेला दिसतो आणि लग्नकार्यात भेटलेली मावशी कौतुकाने म्हणते, “हल्ली जरा अंग धरलंय हो!” त्या एका वाक्यावर मुलगी पुढचे कितीतरी दिवस जेवत नाही.

म्हणून वजनाबद्दल, चांगलं वा वाईट, काहीच बोलू नका. धाकाने भरवूही नका. फार दिवसांच्या उपासमारीनंतर एकदम भरपूर खाणं जिवावर बेतू शकतं, ते डॉक्टरांच्या देखरेखीखालीच वाढवायचं असतं. मानसोपचारतज्ज्ञांबरोबर फिजिशियनही हवेत. रक्तातले क्षार आणि ईसीजी तपासून घ्या. चक्कर, धडधड किंवा हातापायांत गोळे येत असतील, तर त्याच दिवशी रुग्णालय गाठा. कुठून सुरुवात करायची हे कळत नसेल, तर सरकारच्या टेलि-मानस सेवेचा 14416 हा क्रमांक लावा.