तळ्यावरून खुराड्यात

फेब्रुवारी २००६ मध्ये नंदुरबार जिल्ह्यातील नवापूरला बर्ड फ्लू आला. भारतातील ती पहिलीच नोंद. रोग आवरण्यासाठी लाखो कोंबड्या माराव्या लागल्या.

हा रोग टिकतो कसा? त्याच्या विषाणूचे मूळ घर रानबदके. तो त्यांच्या आतड्यात राहतो, पण ती बहुधा आजारी पडत नाहीत. विष्ठेतून तो तळ्यात उतरतो व थंड पाण्यात कित्येक आठवडे तग धरतो. उष्णतेने मात्र तो लवकर मरतो.

आजच्या घातक एच५एन१ जातीचा पूर्वज १९९६ साली चीनमध्ये पाळीव हंसांत सापडला. २००५ साली तेथील चिंगहाई सरोवरावर हजारो रानपक्षी मेले. पुढे हा विषाणू युरोप-आफ्रिकेत आणि २०२१ अखेर उत्तर अमेरिकेतही पोचला. मात्र तो केवळ पंखांवरून येत नाही; पिंजरे, गाड्या, पायताणे यांबरोबरही येतो.

म्हणून रानपक्षी उतरतात त्या तळ्याचे पाणी कोंबड्यांना पाजू नये. विकत आणलेले पक्षी दोन आठवडे वेगळे ठेवावेत. खुराड्यात शिरताना पायताण बदलावे. एकाएकी मरतूक झाली तर मेलेल्या कोंबडीला हात न लावता, ती न विकता पशुवैद्यकीय दवाखान्यात कळवावे. लपवलेला रोग शेजाऱ्याचेही खुराडे रिकामे करतो.