थांबण्याचं शास्त्र, लेखांक 5 : पॅड रस्त्याचा की ट्रॅकचा?

मागच्या आठवड्यात ब्रेक ऑइल कधी आणि का उकळतं ते पाहिलं. आज त्याच्या शेजारचा भाग, म्हणजे पॅड. स्पोर्ट्स कार घेतलेला माणूस पहिल्यांदा ट्रॅक डेला जायचं ठरवतो आणि सगळ्यात आधी ‘जास्त पकडीचे’ पॅड शोधायला लागतो. शोधाची दिशा इथंच चुकते. गाडी किती अंतरात थांबणार हे एका मर्यादेपलीकडे पॅड ठरवत नाही, टायर ठरवतो. कोरड्या रस्त्यावर पेडल जोरात दाबलं आणि एबीएसची थरथर पायाला जाणवली, की समजावं, पॅडने आपलं काम पूर्ण केलंय आणि आता टायरकडेच देण्यासारखं काही उरलेलं नाही. धडधाकट स्पोर्ट्स कारमध्ये कंपनीचे पॅडसुद्धा एवढं काम करतात. मग त्याहून जास्त घर्षणाचा पॅड घालून अंतर कमी होणार कसं? पॅड बदलायचा तो वेगळ्या कारणासाठी. आपली पकड तो किती तापमानापासून किती तापमानापर्यंत टिकवतो, एवढंच त्यात बघायचं असतं. ही तापमानाची कक्षा नीट पाहिली, की रस्ता आणि ट्रॅक दोन्हींना पुरेल असा एकच पॅड शोधण्याचा हट्ट फार काळ टिकत नाही, असं माझं म्हणणं आहे.

आकडे मांडून बघू. पोर्शेची 718 केमन जीटी4 किंवा तिच्या वजनाची कुठलीही गाडी घ्या. चालक आणि पेट्रोल धरून दीड टन. ग्रेटर नोएडाच्या बुद्ध सर्किटवर एक किलोमीटरहून लांब सरळ पट्टा आहे आणि त्याच्या टोकाला घट्ट वळण. समजा, तिथं ताशी 200 किलोमीटरवरून 80 वर यायचंय. गतिज ऊर्जा वेगाच्या वर्गाच्या प्रमाणात वाढते, त्यामुळे या एका ब्रेकमध्ये साधारण 19 लाख ज्यूल ऊर्जेची उष्णता करायची असते, तीही साडेतीन सेकंदांत. शक्तीच्या हिशेबात हे साडेसातशे अश्वशक्तीच्या वर जातं. गाडीचं इंजिन मात्र सव्वाचारशेच्या आसपास. हवेचा रोध आणि इंजिनाचा ओढा थोडा वाटा उचलतात, बाकी सगळं चार डिस्कवर येतं. ब्रेक लावला की गाडीचा भार पुढे झुकतो, म्हणून त्यातलं सत्तर टक्क्यांच्या घरातलं काम पुढच्या दोन डिस्कना करावं लागतं. पुढची डिस्क दहा किलोची धरली तर या एका ब्रेकमध्ये ती सुमारे 140 अंशांनी तापते. हीच गाडी शहरात 50 च्या वेगावरून सिग्नलला थांबली तर तीच डिस्क तापते दहा-अकरा अंशांनी, आणि पुढचा सिग्नल येईपर्यंत त्यातलं बरंचसं वाऱ्यावर निघूनही जातं. ट्रॅकवर आधीचे 140 अंश उतरायच्या आत पुढचं वळण समोर उभं असतं. चार-पाच फेऱ्यांत डिस्क पाचशे-सहाशे अंशांपर्यंत सहज पोचते. खंडाळ्याहून खोपोलीला उतरताना हीच गाडी साधारण पाचशे मीटर खाली येते. ती ऊर्जा वरच्यासारख्या जेमतेम चार ब्रेकांएवढी भरते. पण घाटात ती दहा-पंधरा मिनिटांवर पसरलेली असते आणि खालच्या गिअरमध्ये उतरलं तर इंजिनच बराच भार घेतं. म्हणजे प्रश्न नुसत्या उष्णतेचा नाही. ती किती वेळात येते आणि किती वेळात निघून जाते, यावर सगळं अवलंबून आहे.

आता या उष्णतेत पॅडचं काय होतं ते पाहू. पॅड म्हणजे धातूचे तंतू, ग्रॅफाइट, खनिजांची पूड आणि हे सगळं धरून ठेवणारं फेनॉलिक रेझिन यांचं पोलादी पाठीवर भाजून बसवलेलं मिश्रण. रस्त्याच्या पॅडमधलं रेझिन साडेतीनशे अंशांच्या आसपास आणि त्यापुढे विघटित होऊ लागतं, त्यातून वायू सुटतो आणि पॅड-डिस्कच्या मधल्या स्पर्शाची घडीच मोडते. यालाच फेड म्हणतात. पायाला त्याची खूण स्पष्ट कळते : पेडल दगडासारखं कडक, हवं तेवढं दाबा, गाडी मात्र थांबत नाही. याच्या उलट पेडल मऊ होऊन खोल गेलं तर गुन्हेगार पॅड नसून उकळलेलं ऑइल आहे. नवं डॉट 4 ऑइल किमान 230 अंश सोसतं, पाणी शोषलेलं जेमतेम 155. हा भेद ज्याला कळत नाही तो ऑइलच्या दुखण्यावर महागडे पॅड विकत घेतो. फेड झालेला पॅड बाहेर काढला की ओळखू येतो. कडा पांढरट पडलेल्या, पृष्ठभाग काचेसारखा चकचकीत नाहीतर भेगाळलेला, आणि नखाने कोपरा खरवडला तर भुगा हातात येतो. ट्रॅकच्या पॅडमध्ये धातू आणि सिरॅमिक घटक जास्त, रेझिन कमी आणि जास्त उष्णता सोसणारं असतं; पाचशे-सहाशे अंशांतही त्याची पकड फारशी ढळत नाही. हे वरदान फुकट मिळत नाही, त्याचं बिल थंडपणी येतं.

पॅडच्या कडेवर छापलेली दोन अक्षरं वाचून निवड करावी, असा सल्ला अनेक जण देतात. अमेरिकी वाहन अभियंत्यांच्या संस्थेची ही पद्धत. पहिलं अक्षर साध्या तापमानातल्या घर्षणाचं, दुसरं गरम झाल्यावरचं. एफ म्हणजे घर्षणांक 0.35 ते 0.45, जी म्हणजे 0.45 ते 0.55. वाचायला सोपं आहे, पण या चाचणीत ‘गरम’ म्हणजे जास्तीत जास्त 343 अंश, आणि तीही पॅडमधून कापलेल्या इंचभर तुकड्यावर घेतलेली. ट्रॅकवरची खरी परीक्षा जिथून सुरू होते तिथं ही चाचणी संपलेली असते. शिवाय अक्षर सरासरी सांगतं, वक्ररेषा सांगत नाही. वेग उतरत जाताना घर्षण वाढत जाणारा पॅड सर्वांत त्रासदायक, कारण वळणात शिरता शिरता पाय हलका करायच्या नेमक्या क्षणी चाक लॉक होऊ बघतं. अक्षराच्या दृष्टीने हा पॅड आणि शहाण्यासारखा वागणारा पॅड एकच. म्हणून उत्पादकाने तापमान आणि घर्षण यांचा आलेख दिला असेल तर तो बघावा, आणि त्यातलं शिखर न बघता सपाटी किती लांब आहे ते बघावं. आलेख न देता नुसता ‘800 अंशांपर्यंत’ असा दावा करणाऱ्याला मी तरी यादीतून खाली सरकवीन.

यावर पहिला आक्षेप ठरलेला. ट्रॅकचा पॅड जर सगळं सोसतो, तर तोच कायम ठेवला म्हणून बिघडलं कुठं? बिघडतं ते रस्त्यावर. पावसाळ्यात पहाटे एक्स्प्रेसवेवर तासभर ब्रेक न लावता चाललेल्या गाडीची डिस्क ओली आणि जवळपास हवेइतकीच थंड असते. तिथं अचानक लागणारा पहिला ब्रेक हाच काय तो ब्रेक; आधी तापवून घ्यायची सवलत कुणी देत नाही. आजचे काही रेसिंग पॅड थंड असतानाही बऱ्यापैकी धरतात, हे मान्य करायला हवं. पण तेवढ्याने आक्षेप सुटत नाही, कारण दुसरं नुकसान हळू आणि न दिसता होतं. पॅड नीट तापलेला असतो तेव्हा तो डिस्कवर आपल्याच द्रव्याचा पातळ थर चढवतो आणि घर्षण बरंचसं त्या थरावर चालतं. ट्रॅकचा पॅड शंभर अंशांत हा थर चढवू शकत नाही. उलट असलेला थर खरवडून काढतो आणि मग कानशीसारखा डिस्कच खातो. हजार-दोन हजार किलोमीटर असं चालवून गाडी ट्रॅकवर नेली की थर ठिकठिकाणी वेगळा बसतो, स्टिअरिंग थरथरतं, आणि गॅरेजमधून निदान येतं : डिस्क वाकली. अमेरिकी रेसिंग अभियंता कॅरल स्मिथ यांनी या समजुतीचा फार पूर्वी समाचार घेतला होता. त्यांच्या म्हणण्यानुसार बहुतेक वेळा डिस्क वाकलेली नसतेच, पॅडचं द्रव्य असमान चिकटलेलं असतं. त्या जागा जास्त तापतात, साडेसहाशे अंशांच्या पुढे तिथल्या बिडाचं कठीण सिमेंटाइट होतं आणि मग दोष कायमचा. किंचाळणारा आवाज आणि अलॉय व्हीलमध्ये रुतून गंजणारी धूळ यांना मी मुद्दा मानत नाही. हौसेला मोल असतं, शेजाऱ्यांनी काय ते ठरवावं.

दुसरा आक्षेप जास्त वजनदार आहे. बाजारात रस्ता आणि ट्रॅक दोन्हींसाठी म्हणून मधले पॅड मिळतात, ते काय खोटे? खोटे नाहीत. जर्मनीतल्या न्युर्बुर्गरिंगच्या 20.8 किलोमीटरच्या नॉर्डश्लायफेवर खासगी गाड्यांना खुल्या असलेल्या दिवशी तो कायद्याने टोल भरायचा सार्वजनिक रस्ताच असतो, म्हणून तिथं रस्त्यासाठी मंजूर पॅडच लागतात. युरोपच्या आर90 नियमाप्रमाणे बदली पॅडची पकड मूळ पॅडच्या 15 टक्के आतबाहेरच असावी लागते. अशा ठिकाणी मधल्या पॅडची गरज खरी आहे. वर्षातून एखाद-दुसऱ्या वेळी चेन्नईजवळच्या इरुंगट्टुकोट्टईच्या ट्रॅकवर, रस्त्याच्या टायरवर, पंधरा-वीस मिनिटांच्या फेऱ्या मारणाऱ्या नवख्यालाही तो पुरतो. ताजं ऑइल आणि मधला पॅड, एवढ्यात त्याचं भागतं. पण नवखा नवखा राहत नाही. तो वेग टिकवायला शिकतो, अर्धे-स्लिक टायर घालतो, ब्रेक उशिरा लावतो. सरळ पट्ट्याच्या टोकाला वेग 200 ऐवजी 220 झाला तर त्याच वळणासाठी ऊर्जा जवळपास पाव हिश्श्याने वाढते. मधला पॅड मग वरच्या टोकाला तोकडा पडतो आणि खालच्या टोकाला त्याने काही सोडलेलं असतंच. प्रगती करणाऱ्या चालकासाठी तो मुक्काम नव्हे, थांबा आहे.

म्हणून दोन संच. एक रस्त्याचा, एक ट्रॅकचा, आणि दोन्ही पुढे-मागे जुळलेले. फक्त पुढचे पॅड जबरदस्त केले तर मागची चाकं रिकामी बसतात, आणि फक्त मागचे केले तर ब्रेक लावताच गाडीची शेपटी फिरते. तिसरा आक्षेप इथं हजर होतोच : एवढी उस्तवार कोण करणार? अनेक स्पोर्ट्स कारच्या फिक्स्ड कॅलिपरमध्ये दोन पिना काढल्या की पॅड वरून उचलता येतात, कॅलिपर सोडवावाही लागत नाही. पुण्याहून चेन्नईकडे अकराशे किलोमीटरहून जास्त रस्ता आहे; गाडी चालवत नेत असाल तर रस्त्याच्या पॅडवरच जावं, ट्रॅकचा संच डिकीत ठेवावा आणि पिटमध्ये बदलावा. खरी अडचण त्या थराची आहे, कारण एका जातीच्या पॅडच्या थरावर दुसऱ्या जातीचा पॅड नीट बसत नाही. त्यावर उपाय दोन : परवडत असेल तर ट्रॅकसाठी डिस्कही वेगळ्या, नाहीतर एकाच उत्पादकाचे, एकमेकांशी जुळतात असं त्याने स्वतः सांगितलेले दोन पॅड. दोन्ही बाबतींत ट्रॅकचा नवा पॅड पहिल्या फेऱ्यांत टप्प्याटप्प्याने तापवून, मग न थांबता फिरवत गार करून बसवून घ्यावा लागतो. गरम पॅड लावून गाडी पिटमध्ये ब्रेक दाबून उभी केली, की पॅडचा ठसा डिस्कवर उमटलाच म्हणून समजा.

ट्रॅकचा संच नेमका कोणता, हे ठरवण्यापूर्वी खर्च करावा तो तापमान दाखवणाऱ्या रंगावर. डिस्कच्या कडेला तीन ठिपके लावायचे. हिरवा साधारण 430 अंशांना रंग बदलतो, नारिंगी 560 ला आणि लाल 610 ला. चार-पाच फेऱ्या पूर्ण जोरात मारून आल्यावर फक्त हिरवा बदललेला दिसला तर मधला पॅड पुरेसा आहे, पैसे वाचले. नारिंगीही बदलला तर खरा ट्रॅकचा पॅड घ्यायची वेळ आली. तिन्ही बदलले असतील तर आणखी कडक पॅड शोधण्याआधी डिस्कपर्यंत हवा पोचते का ते बघावं लागेल. त्या हवेच्या नळ्यांचा विषय पुढच्या शनिवारी घेऊ.