कोर्लईची 'नो लिंग'

पाव, बटाटा, चावी, पगार, घमेले हे शब्द आपल्या तोंडी रोज येतात. ते पोर्तुगीजांकडून आले हे पुष्कळांस ठाऊक असेल. परंतु आपल्याच महाराष्ट्रातील एका गावी ख्रिस्ती कुटुंबे पोर्तुगीजपासून उपजलेली एक स्वतंत्र भाषाच घरी बोलतात, ही गोष्ट आमच्या बालवाचकांस बहुधा नवी वाटेल. ते गाव रायगड जिल्ह्यातील कोर्लई होय.

चौलजवळ, कुंडलिका नदीच्या मुखाशी, समुद्रात शिरलेल्या डोंगरावर कोर्लईचा किल्ला आहे. १५९४ मध्ये पोर्तुगीजांनी तो निजामशाहीकडून घेतला. १७४० मध्ये तो मराठ्यांकडे गेला. राज्यकर्ते गेले, त्यांच्या पदरी असलेले स्थानिक ख्रिस्ती लोक मात्र मागे राहिले. धर्म निराळा, त्यामुळे शेजाऱ्यांशी बेटीव्यवहार नाही. मध्ये खाडी, तिच्यावर पूल नाही. पॅसिफिक महासागरातील चिमुकल्या बेटांवरील पॉलिनेशियन भाषांस समुद्राने जसे राखले, तसेच ह्या बेट नसलेल्या गावाचेही झाले.

भाषेची घडण मोठी मौजेची आहे. शब्द बहुतेक पोर्तुगीज, पण क्रियापद मराठीप्रमाणे वाक्याच्या शेवटी! शब्दांची शेपटेही गळाली आहेत. पोर्तुगीजमध्ये 'नॉसा लिंग्वा' म्हणजे आमची भाषा. कोर्लईकरांनी त्याचे 'नो लिंग' केले, व तेच तिचे नाव. हिला कोणी मोडकी पोर्तुगीज म्हणतात, ते आम्हांस मान्य नाही. जे. क्लॅन्सी क्लेमेंट्स ह्या अमेरिकन भाषापंडितांनी १९९६ मध्ये हिच्यावर एक संपूर्ण ग्रंथ प्रसिद्ध केला आहे.

बोलणारे सुमारे हजारच. १९८६ मध्ये खाडीवर पूल झाला, नोकरीसाठी मुंबई जवळ आली. पोर्तुगीज जाणणारे पाद्री १९६० नंतरच्या काळात राहिले नाहीत. शाळा मराठी, पुढे प्रार्थनाही मराठी. ह्या सोयी कोण नाकारील? परंतु ज्या मराठीची आपण इंग्रजीपुढे काळजी वाहतो, तिच्याच छायेत ही धाकटी भाषा सुकत आहे.

कामठ्याच्या आसपासही कित्येक घरी पोवारी किंवा गोंडी बोलतात. शाळेचे फाटक आले की मुले ती गिळून टाकतात, हे आम्ही नित्य पाहतो. काही पालकांसही त्यातच भूषण वाटते. तेव्हा विद्यार्थ्यांनी आजी-आजोबांस विचारून शेतीची, भांड्यांची व नात्यांची घरच्या बोलीतील नावे अर्थांसह लिहून आणावीत. पुढील अंकात ती आम्ही ह्याच विभागात छापू.