अडीच विसांचे पन्नास

डॅनिश भाषेतल्या पन्नासच्या शब्दात मुळात ‘अडीच विसा’ दडलेले आहेत. साठ म्हणजे तीन विसा, सत्तर म्हणजे साडेतीन, ऐंशी म्हणजे चार आणि नव्वद म्हणजे साडेचार विसा. हे शब्द आता इतके झिजले आहेत की कोपनहेगनच्या बाजारात ते रोज वापरणाऱ्याला त्यांतला हिशेब जाणवतही नाही. विसांनी मोजणाऱ्या आपल्याकडच्या जुन्या माणसांना मात्र तो चटकन कळला असता. कोपनहेगनहून पूल ओलांडून स्वीडनमधल्या माल्मोला गेले की पन्नास पुन्हा सरळ पाच दहांचे होतात. नॉर्वेची तऱ्हा तिसरीच. तिथे एकवीसला ‘एक आणि वीस’ म्हणत. तोंडी सांगितलेले क्रमांक जोडून देताना गोंधळ होतो म्हणून टेलिफोन खात्याने तक्रार केली, संसदेने ती मान्य केली आणि १ जुलै १९५१ पासून सरकारी नॉर्वेजियनमध्ये ‘वीस-एक’ सुरू झाले. सत्तरहून अधिक वर्षे लोटली, तरी बोलताना जुनी पद्धत वापरणारे नॉर्वेजियन आजही भरपूर भेटतात. २०१९ मध्ये बालभारतीच्या दुसरीच्या गणिताच्या पुस्तकात ‘एकवीस’सोबत ‘वीस एक’ आले तेव्हा महाराष्ट्रात जो गदारोळ झाला, तो ज्यांना आठवतो त्यांना या गोष्टीत परकेपणा वाटू नये.

स्कँडिनेव्हियन भाषा आणि संस्कृती हा विद्यापीठीय अभ्यासाचा विषय म्हणून नेमका काय आहे, हे समजून घ्यायला आकड्यांची ही गोष्ट पुरेशी बोलकी आहे. अमेरिकेतल्या मॅडिसनच्या विस्कॉन्सिन विद्यापीठात हा विषय १८७५ पासून शिकवला जातो. तिथे स्थायिक झालेल्या नॉर्वेजियन शेतकऱ्यांच्या मुलांची ती गरज होती. पुढे सिअॅटल, बर्कली, लंडन, एडिंबरा अशा ठिकाणी तो रुजला. सर्वसाधारण रचना अशी: डॅनिश, नॉर्वेजियन, स्वीडिश यांपैकी एक भाषा पक्की करायची, तिच्या आधाराने उरलेल्या दोन किमान वाचण्याइतक्या आत्मसात करायच्या, जोडीला इतिहास, साहित्य, चित्रपट आणि आवड असेल तर मध्ययुगीन आइसलँडच्या सागा ज्या भाषेत लिहिल्या गेल्या ती जुनी नॉर्स. या विषयाची जाहिरात करताना विद्यापीठे बहुधा एकच बाजू पुढे करतात. एक भाषा शिका, तीन मिळवा, असा त्यांचा सूर असतो. माझ्या मते हा फायदा दुय्यम आहे. इतक्या जवळच्या तीन भाषा शेजारी शेजारी ठेवून वाचल्या की त्या कुठे वेगळ्या झाल्या हे बोट ठेवून दाखवता येते, आणि मग हा वेगळेपणा कोणी, कधी, कशासाठी आणला असा प्रश्न विचारता येतो. एकटी फ्रेंच किंवा एकटी जपानी शिकणाऱ्याला भाषा आभाळातून पडल्यासारखी तयार मिळते. स्कँडिनेव्हियन शिकणाऱ्याच्या हाती तिच्या बांधकामाचे कागद लागतात.

नॉर्वेच्या बाबतीत तर हे कागद विलक्षण शाबूत आहेत. चौदाव्या शतकाच्या अखेरीपासून १८१४ पर्यंत नॉर्वे डेन्मार्कच्या राजाखाली होता, त्यामुळे लोक बोलत नॉर्वेजियन आणि लिहीत डॅनिश. १८१४ मध्ये डेन्मार्कपासून सुटका झाली खरी, पण लगेच स्वीडनच्या राजाशी संयोग झाला आणि तो १९०५ पर्यंत टिकला. आता स्वतःची लेखनभाषा हवी होती. शाळामास्तर क्नुड क्नुडसेन म्हणत, आहे ती डॅनिशच हळूहळू शहरी नॉर्वेजियन उच्चारांच्या वळणावर न्यावी. शेतकऱ्याचा मुलगा ईव्हार ओसेन यांनी दुसरी वाट धरली. १८४२ पासून चार वर्षे ते खेडोपाडी फिरले, बोलींची रूपे टिपली, १८४८ मध्ये व्याकरण आणि १८५० मध्ये कोश छापला आणि या बोलींच्या मुळाशी असलेली समाईक भाषा लेखनासाठी सिद्ध केली. त्यांनी शहरे जाणूनबुजून टाळली. मोल्सवर्थचा १८३१चा कोश आणि पुण्याच्या शिष्ट बोलीकडे झुकत गेलेली आपली छापील मराठी समोर ठेवली तर ओसेन किती उलट दिशेने निघाले होते हे ध्यानात येते. १८८५ मध्ये संसदेने दोन्ही लेखनभाषांना बरोबरीचा दर्जा दिला, १९२९ मध्ये डॅनिशच्या वळणाच्या भाषेला बोकमोल आणि ओसेनच्या भाषेला नीनोर्स्क हे आजचे नाव मिळाले. मग दोन्ही एकत्र आणण्याचा सरकारी खटाटोप सुरू झाला. १९५०च्या दशकात ओस्लोतले संतापलेले पालक मुलांच्या पाठ्यपुस्तकांतले ‘गावंढळ’ वाटणारे शब्द स्वतः पेनाने दुरुस्त करत बसले, आणि अखेर २००२ मध्ये सरकारने एकीकरणाचा नाद अधिकृतपणे सोडला. आज नीनोर्स्कमधून शिकणारी मुले दहा-बारा टक्क्यांच्या आसपास आहेत. तरीही शालेय पुस्तके दोन्ही रूपांत एकाच वेळी आणि एकाच किमतीत निघाली पाहिजेत हा दंडक आहे. बोलण्यासाठी मात्र प्रमाण असे काही ठरवलेलेच नाही. खासदार संसदेत आपापल्या बोलीत भाषण करतात आणि त्यात कोणाला अशुद्ध काही वाटत नाही.

नॉर्वेजियन नाटककार इब्सेनना हे सारे हास्यास्पद वाटे. १८६७च्या ‘पेर गिंट’ नाटकात कैरोच्या वेड्यांच्या इस्पितळात एक भाषासुधारक भेटतो. माकडांची मूळ भाषा परत आणा म्हणणारा हा इसम म्हणजे ओसेनपंथीयांची टिंगल आहे. (इब्सेननी त्याला मलबार किनाऱ्यावरचा ठरवले आहे, दूरच्या देशाचा पत्ता म्हणून हिंदुस्थान हाताशी होताच.) २०२३चे साहित्याचे नोबेल ज्यांना मिळाले ते युन फॉसे याच टिंगल झालेल्या भाषेत लिहितात. बोली कोणती आणि भाषा कोणती, हा प्रश्न आपल्यालाही नवा नाही. कोकणी ही मराठीची बोली की स्वतंत्र भाषा, या वादात आपल्याकडे व्याकरणाचे दाखले एकमेकांवर फेकले गेले. पण १९७५ मध्ये साहित्य अकादमीने दिलेली मान्यता, १९८७चा गोव्याचा राजभाषा कायदा आणि १९९२ मध्ये आठव्या परिशिष्टात झालेला समावेश हे निर्णय माणसांनी घेतले, प्रत्ययांनी नव्हे. डॅनिश, नॉर्वेजियन आणि स्वीडिश या तिघींमधले अंतर केवळ व्याकरणाने मोजले तर त्यांना एकाच भाषेच्या बोली म्हणणेही अशक्य नाही. त्या तीन भाषा आहेत, कारण तीन राज्ये आहेत.

हा विषय शिकण्यावर सर्वांत मोठा आक्षेप इंग्रजीचा. त्या देशांत जवळजवळ सगळेच उत्तम इंग्रजी बोलतात, त्यांची पुस्तके इंग्रजीत येतात, मग चार वर्षे घालवायची कशाला? आक्षेप पोकळ नाही. मराठी रंगभूमीनेच त्याच्या बाजूने साक्ष दिली आहे. ‘नाट्यमन्वंतर’ या नाट्यसंस्थेने १९३३ मध्ये रंगभूमीवर आणलेले श्री. वि. वर्तकांचे ‘आंधळ्यांची शाळा’ हे नॉर्वेजियन नाटककार ब्यर्नसन यांच्या १८८३च्या नाटकावर बेतलेले होते, आणि ते आपल्याकडे इंग्रजीच्या दारातून आले. त्याने मराठी नाटक बदलले ते बदललेच. पण काय आले आणि काय वाटेतच राहिले ते पाहावे. लग्नाआधी मुलीकडून जी शुद्धता मागता ती मुलाकडूनही मागा, हा ब्यर्नसन यांच्या नायिकेचा हट्ट. या नाटकाने उत्तर युरोपात वर्षानुवर्षे चाललेले भांडण पेटवले. स्वीडनमध्ये लेखक स्ट्रिंडबर्गनी १८८४ मध्ये ‘लग्न’ नावाचा कथासंग्रह काढून इब्सेनच्या ‘बाहुलीचे घर’मधल्या नोरावर तोंडसुख घेतले, आणि त्याच पुस्तकापायी ईश्वरनिंदेच्या खटल्याला तोंड देऊन ते निर्दोष सुटले. आजच्या ओस्लोत, म्हणजे तेव्हाच्या क्रिस्तियानियात, हान्स येगर यांची कादंबरी १८८५ मध्ये आणि चित्रकार क्रिस्तियान क्रोग यांची वेश्याव्यवसायावरची ‘आल्बर्टीने’ १८८६ मध्ये जप्त झाली. डेन्मार्कमधून समीक्षक गेओर्ग ब्रांडेस ब्यर्नसन यांच्या विरोधात उभे राहिले, आणि ब्यर्नसन स्वतः गावोगाव एकपत्नीत्वावर व्याख्याने देत फिरले. हे भांडण तीन देशांत, तीन भाषांत, वर्तमानपत्रांतून आणि सभांतून एकाच वेळी चालू होते. इंग्रजीने त्यातली निवडक नाटके उचलली. बाकीचे वाचायचे तर तिन्ही भाषा डोळ्यांखालून घालू शकणारा वाचक लागतो आणि तो तयार करण्याची सोय या विषयाबाहेर फारशी कुठे नाही. आजचीही स्थिती निराळी नाही. पाहुण्याशी इंग्रजीत बोलणारा स्वीडिश माणूस निवृत्तिवेतनावरून, शाळेवरून, निर्वासितांवरून वाद घालतो तो स्वीडिशमध्येच.

इथे प्रामाणिकपणे एक गोष्ट मान्य केली पाहिजे. शेजारभाषा आपोआप कळतात हा दावा खुद्द तिथेच डळमळीत आहे. २००५ मध्ये प्रसिद्ध झालेल्या मोठ्या पाहणीत शेजाऱ्यांच्या भाषा समजण्यात नॉर्वेजियन तरुण पुढे होते. कोपनहेगन आणि स्टॉकहोमच्या तरुणांची अवस्था केविलवाणी होती, आणि अडचण आली की ते इंग्रजीकडे वळत. ‘द ब्रिज’ या मालिकेत स्वीडिश बाई आणि डॅनिश पुरुष आपापल्या भाषेत बोलत तपास करतात. ते प्रत्यक्षात इतके सुरळीत होत नाही. म्हणजे जे त्या देशांतल्या मुलांना जन्माने मिळेल अशी अपेक्षा होती, ते लंडन किंवा मॅडिसनच्या वर्गात आता मुद्दाम शिकवावे लागते. याने विषयाची गरज वाढली असेच मी म्हणेन.

दुसरा आक्षेप मला अधिक बोचतो. हा विषय म्हणजे एका स्वप्नाळू प्रतिमेची पूजा आहे: एकीकडे शिंगांची शिरस्त्राणे घातलेले व्हायकिंग (तशी शिरस्त्राणे ते घालतच नसत), दुसरीकडे सुखी, समताप्रिय, स्वच्छ देश. त्यात नाझींनी याच ‘नॉर्डिक’ वारशाची आणि रून लिपीच्या चिन्हांची लूट केली. ओढ म्हणून वर्गात येणाऱ्या अनेकांच्या मनात यातले काही ना काही असते, हे खरे. पण अभ्यासक्रम नीट चालला तर ही प्रतिमा दुसऱ्या वर्षापर्यंत टिकत नाही. वंशशुद्धीच्या अभ्यासासाठी सरकारी संस्था स्थापन केली ती याच लोकशाही स्वीडनने, १९२२ मध्ये, उपसाला शहरात. उत्तरेतल्या मूळनिवासी सामी लोकांच्या मुलांना शाळेत मातृभाषा बोलू न देणारा नॉर्वे हा ओसेनच्या बोलींना मान देणाराच नॉर्वे होता. त्या धोरणाची चौकशी करणाऱ्या आयोगाने २०२३ मध्ये संसदेला अहवाल दिला. एका बोलीभाषेला न्याय आणि दुसऱ्या भाषेला बंदी, दोन्ही एकाच राज्याने एकाच काळात. ही विसंगती पर्यटनाच्या पुस्तिकेत सापडत नाही, आणि इंग्रजीत तिची रूपरेषाच तेवढी मिळते.

राहता राहिला पोटापाण्याचा प्रश्न, आणि भारतीयाने यात का पडावे हा प्रश्न. डेन्मार्क, नॉर्वे, स्वीडन, फिनलंड आणि आइसलँड या पाचही देशांची लोकसंख्या मिळून तीन कोटीही भरत नाही. ब्रिटनमधले काही विभाग विद्यार्थी नाहीत म्हणून बंद झाले, आणखी होतील. अनुवाद, राजनय, जहाजउद्योग, संशोधन यांत थोड्या जागा निघतात, पण नोकरीची हमी म्हणून कोणी हा विषय घेऊ नये. भारतीयांसाठी मात्र एक काम अक्षरशः पडून आहे, कारण डेन्मार्कशी आपला संबंध जुना आहे. तौलनिक भाषाशास्त्राच्या पायाभरणीत ज्यांचा वाटा मोठा, ते डॅनिश विद्वान रास्मुस रास्क आइसलँडिकचा अभ्यास उरकून रशिया-इराणमार्गे १८२० मध्ये मुंबईत पोचले, पारशांकडून अवेस्ता आणि पहलवी हस्तलिखिते मिळवली आणि कोपनहेगनला नेली. त्याच्याही आधीपासून, १६२० ते १८४५, तमिळ किनाऱ्यावरचे तरंगंबाडी डॅनिश वसाहत होते. सतराव्या शतकाच्या उत्तरार्धात तंजावरची गादी व्यंकोजीराजांकडे आल्यावर या डॅनिशांचा व्यवहार मराठी दरबाराशी सुरू झाला. वसाहतीची दप्तरे कोपनहेगनच्या राष्ट्रीय अभिलेखागारात आहेत, डॅनिशमध्ये, जुन्या गॉथिक वळणाच्या हस्ताक्षरात. तंजावरचे मोडी कागदही डेन्मार्कमधल्या संग्रहांत आहेत. एलिझाबेथ स्ट्रँडबर्ग यांनी त्यांची संपादित आवृत्ती १९८३ मध्ये काढली. मोडी वाचणारी माणसे आपल्याकडे अजून आहेत, गॉथिक वळणाची डॅनिश वाचणारी डेन्मार्कमध्ये आहेत. दोन्ही वाचू शकणारे हाताच्या बोटांवर मोजण्याइतकेही नसावेत. तंजावरच्या मराठ्यांचा इतिहास लिहिणाऱ्याला मात्र एकाच व्यवहाराच्या या दोन्ही बाजू समोरासमोर लावून पाहाव्या लागतील.