ज्या बंगल्यात लाटसाहेब राहायचा, तिथूनच आज आपल्या पोरांना डिग्री मिळते! गणेशखिंडीच्या इमारतीचा इतिहास जाणून घ्या

पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक जिल्ह्यातल्या बहुतेक गावांत एक तरी घर असं सापडेल, जिथे भिंतीवर फ्रेम केलेलं पदवीचं सर्टिफिकेट लटकलेलं आहे. त्यावर नाव असतं सावित्रीबाई फुले पुणे विद्यापीठाचं. जुनं असेल तर नुसतं पुणे विद्यापीठ. या विद्यापीठाची ती मनोऱ्याची, कमानींची मोठी दगडी इमारत आपण टीव्हीवर, बातम्यांत, व्हॉट्सअॅपवर शंभर वेळा पाहिली आहे. पण ही इमारत शिक्षणासाठी बांधलेलीच नव्हती. ती होती मुंबई इलाख्याच्या इंग्रज गव्हर्नरचा, म्हणजे आपल्याकडे ज्याला लाटसाहेब म्हणायचे त्याचा, पावसाळ्यातला सरकारी बंगला. कागदोपत्री नाव ‘गव्हर्नमेंट हाऊस, गणेशखिंड’.

या बंगल्याचा आणि आपल्या तालुक्यांचा संबंध फक्त डिग्रीपुरता नाही. कापूस, शेतसारा, सावकारी कर्ज, प्लेगची साथ, सगळं या गोष्टीत येतं. सविस्तर पाहू.

लाटसाहेबाला पुण्यात घर कशाला?

मुंबई इलाख्याचं मुख्य ठिकाण मुंबई. पण गव्हर्नर वर्षभर मुंबईत थांबत नसे. थंडीत मुंबई, कडक उन्हाळ्यात महाबळेश्वर आणि पावसाळा सुरू झाला की पुणे, असा त्याचा वर्षाचा फेरा ठरलेला. मुंबईच्या पावसापेक्षा पुण्याची हवा साहेबांना मानवायची. गव्हर्नर आला की त्याच्यामागे सेक्रेटरी, दप्तर, शिपाई, घोडे, खानसामे असा सगळा लवाजमा यायचा. म्हणजे पावसाळ्यातले काही महिने इलाख्याचा कारभार पुण्यातूनच चाले.

इंग्रजांचं पुण्यातलं पहिलं मोठं सरकारी घर मात्र गव्हर्नरचं नव्हतं. ते होतं पेशवाईतल्या इंग्रज रेसिडेंटचं, म्हणजे पेशव्यांच्या दरबारी नेमलेल्या कंपनीच्या वकिलाचं. मुळा आणि मुठा नद्यांच्या संगमावर हा बंगला होता. ५ नोव्हेंबर १८१७ रोजी खडकीची लढाई झाली. त्या दिवशी रेसिडेंट एल्फिन्स्टन बंगला सोडून खडकीच्या छावणीकडे गेला आणि पेशव्यांच्या लोकांनी संगमावरचा बंगला जाळून टाकला. गणेशखिंडीचा परिसर या लढाईच्या मैदानाला लागूनच आहे.

त्याच लढाईत दापोडीहून पलटण घेऊन इंग्रजांच्या मदतीला आला तो कॅप्टन फोर्ड. दापोडीत त्याचा स्वतःचा मोठा बंगला होता. पुढे १८२८ मध्ये गव्हर्नर सर जॉन माल्कम याच्या काळात तो बंगला सरकारने विकत घेतला आणि तिथे गव्हर्नरचा पावसाळी मुक्काम सुरू झाला. सोबत मोठं वनस्पती उद्यानही होतं. १८६० च्या दशकात सरकारने दापोडीची ही मालमत्ता विकली आणि नव्या बंगल्यासाठी गणेशखिंडीची जागा धरली.

कापसाच्या तेजीत पाया, मंदीत कळस

आता इथून आपल्या शेतकऱ्यांची गोष्ट सुरू होते.

१८६१ मध्ये अमेरिकेत यादवी युद्ध पेटलं. इंग्लंडच्या कापड गिरण्यांना तोवर कापूस जायचा तो मुख्यतः अमेरिकेतून. तो बंद झाला आणि गिरणीमालकांची नजर हिंदुस्थानकडे वळली. मुंबई बंदरातून कापूस धडाधड जाऊ लागला. भाव कुठच्या कुठे गेले. दख्खनच्या गावांत सावकार स्वतःहून पैसे घेऊन दारात येऊ लागले. कापूस लाव म्हणून एकरी १०० रुपयांपर्यंत उचल दिली जायची. त्या काळातले १०० रुपये!

या तेजीच्या भरात मुंबईत बँका निघाल्या, समुद्र हटवून जमीन करायच्या कंपन्या निघाल्या, शेअरचा बाजार तापला. गव्हर्नर होता सर बार्टल फ्रिअर. त्याने मुंबईचा जुना कोट पाडला, नव्या इमारतींचे बेत आखले. पुण्यात गणेशखिंडीचा नवा बंगला हा त्याच काळातला बेत. १८६४ मध्ये काम सुरू झालं. आराखडा काढला जेम्स ट्रबशॉ या वास्तुविशारदाने. इटलीकडच्या धर्तीवर कमानी, लांबलचक व्हरांडे, निशाण लावायला उंच मनोरा, मेजवान्यांसाठी मोठी दालनं असा थाट. बंगल्याला आणि परिसराला पाणी मिळावं म्हणून पाषाणला तलाव बांधला. आज पक्षी बघायला लोक जातात तो पाषाण तलाव हाच.

पण पाया भरला आणि वर्षभरात चित्र पालटलं. एप्रिल १८६५ मध्ये अमेरिकेतलं युद्ध संपलं. कापसाचे भाव कोसळले. मुंबईतल्या कंपन्या एकामागून एक बुडाल्या आणि बँक ऑफ बॉम्बेही अखेर गुंडाळावी लागली. बंगल्याचं काम मात्र चालूच राहिलं. खर्च ठरल्यापेक्षा वाढत गेला. इतका, की पुढे विलायतेत पार्लमेंटपर्यंत या उधळपट्टीवर टीका झाली. १८७१ मध्ये इमारत पूर्ण झाली तेव्हा फ्रिअर परत जाऊन चार वर्षं झाली होती.

त्याच वर्षांत गावाकडे काय चाललं होतं?

सरकारची तिजोरी मुख्यतः कशावर चालायची? शेतसाऱ्यावर. तेजीची वर्षं पाहून सरकारने जमिनीची फेरआकारणी काढली. इंदापूर तालुक्यात ती १८६७ मध्ये झाली. मग एकेक तालुका. सारा कुठे दीडपट तर कुठे दुपटीवर गेला. म्हणजे भाव पडल्यावर सारा वाढला. कापसाचे दर पाहून पैसे देणारे सावकार आता हात आखडते घेऊ लागले आणि जुनी थकबाकी मागू लागले. ज्याला वाचता येत नव्हतं, त्याचा अंगठा कागदावर घेतला जायचा. त्या कागदात काय लिहिलंय हे त्याला कोर्टाची नोटीस आल्यावरच कळायचं.

बंगला पूर्ण होऊन चार वर्षं झाली होती. १२ मे १८७५ रोजी सुपे गावात, जे आज बारामती तालुक्यात आहे, शेतकऱ्यांचा संयम सुटला. बाजाराच्या गावी लोक जमले आणि सावकारांच्या घरांवर चालून गेले. मागणी एकच होती, वह्या आणि कर्जखतं द्या. मिळालेले कागद पेटवून दिले. हे लोण पुणे आणि तेव्हाच्या अहमदनगर जिल्ह्यातल्या तीसेक गावांत पोचलं. इतिहासाच्या पुस्तकात याला ‘दख्खनचे दंगे’ म्हणतात.

सरकारने चौकशी आयोग नेमला आणि १८७९ मध्ये दख्खन शेतकरी कायदा केला. नुसत्या कागदावरच्या आकड्यावर न जाता मूळ कर्ज किती होतं हे कोर्टाने तपासावं, आणि कर्जापायी शेतकऱ्याला तुरुंगात टाकू नये, अशा तरतुदी त्यात आल्या. गणेशखिंड ते सुपे हे अंतर आज गाडीने दोन-अडीच तासांचं. एकाच सरकारच्या एकाच दशकातली ही दोन टोकं.

२२ जून १८९७ ची रात्र

बंगल्याच्या इतिहासात ही तारीख सगळ्यात मोठी.

१८९६ मध्ये मुंबईत प्लेग आला आणि लवकरच पुण्यात पोचला. साथ रोखायला सरकारने प्लेग कमिटी नेमली आणि तिचा प्रमुख केला वॉल्टर चार्ल्स रँड या अधिकाऱ्याला. घरोघरी झडतीला गोरे सोजीर लावले गेले. ते स्वयंपाकघरात, देवघरात घुसायचे. सामान बाहेर काढून जाळायचे. माणसांना उचलून छावण्यांत न्यायचे. साथ रोखणं गरजेचं होतं, पण ज्या पद्धतीने हे चाललं त्यामुळे लोक प्लेगपेक्षा झडतीला जास्त भिऊ लागले.

याच साथीत, १० मार्च १८९७ रोजी, सावित्रीबाई फुले गेल्या. त्यांचे चिरंजीव डॉ. यशवंत यांनी पुण्याबाहेर रुग्णांसाठी दवाखाना काढला होता. तिथे आजाऱ्यांची सेवा करताना सावित्रीबाईंना लागण झाली. ही तारीख लक्षात ठेवा, पुढे तिचा संदर्भ येणार आहे.

तीन महिन्यांनी व्हिक्टोरिया राणीच्या गादीला ६० वर्षं झाली म्हणून साम्राज्यभर हीरक महोत्सव होता. २२ जूनच्या रात्री गणेशखिंडीच्या बंगल्यावर रोषणाई आणि मोठी मेजवानी झाली. मध्यरात्रीच्या सुमारास पाहुण्यांच्या बग्ग्या परत निघाल्या. रस्त्यावर चिंचवडचे चापेकर बंधू वाट पाहत होते. रँडची बग्गी आली, ‘गोंद्या आला रे’ ही खुणेची हाक झाली आणि दामोदर चापेकरांनी बग्गीवर चढून रँडवर गोळी झाडली. मागच्या बग्गीतल्या लेफ्टनंट आयर्स्टवर बाळकृष्ण चापेकरांनी गोळी झाडली. आयर्स्ट तिथेच मेला. रँड ३ जुलैला मेला.

पुढे दामोदर चापेकरांना १८ एप्रिल १८९८ रोजी फाशी झाली. वासुदेव, बाळकृष्ण आणि त्यांचे साथीदार महादेव रानडे यांना मे १८९९ मध्ये, चार-पाच दिवसांच्या आत, फासावर चढवलं. एका घरातले तीन भाऊ गेले. या प्रकरणानंतर ‘केसरी’तल्या लिखाणावरून लोकमान्य टिळकांवर राजद्रोहाचा खटला भरून त्यांना १८ महिन्यांची शिक्षा दिली गेली, तीही १८९७ मध्येच.

बंगल्याचं विद्यापीठ कसं झालं?

स्वातंत्र्य मिळालं आणि प्रश्न आला, एवढ्या मोठ्या बंगल्याचं करायचं काय? पुण्याला स्वतंत्र विद्यापीठ हवं ही मागणी जुनी होती. तोवर इथल्या कॉलेजांच्या परीक्षा मुंबई विद्यापीठाकडे होत्या. मुंबई राज्याचे मुख्यमंत्री बाळासाहेब खेर यांनी पुढाकार घेऊन ही जागा विद्यापीठाला मिळवून दिली. परिसर सुमारे ४११ एकरांचा. १० फेब्रुवारी १९४९ हा विद्यापीठाचा स्थापना दिवस. पहिले कुलगुरू झाले बॅरिस्टर मुकुंदराव जयकर. राज्यपालांचं पुण्यातलं निवासस्थान आजही गणेशखिंडीतच आहे, पण जुना मुख्य बंगला शिक्षणाकडे आला तो आलाच.

सुरुवातीला विद्यापीठाकडे १२ जिल्हे होते. कॉलेजं मात्र सगळी मिळून फक्त १८ आणि विद्यार्थी आठ हजारांच्या वर. १९६२-६४ च्या सुमारास दक्षिणेकडचे जिल्हे कोल्हापूरच्या शिवाजी विद्यापीठाकडे गेले. १९९० मध्ये जळगाव आणि धुळे उत्तर महाराष्ट्र विद्यापीठाकडे गेले. उरले पुणे, अहिल्यानगर आणि नाशिक.

२०१४ मध्ये विद्यापीठाला सावित्रीबाई फुले यांचं नाव दिलं गेलं. आता वर सांगितलेली तारीख आठवा. ज्या वर्षी प्लेगच्या रुग्णांची सेवा करताना सावित्रीबाई गेल्या, त्याच वर्षी या बंगल्यात राणीच्या नावाची मेजवानी झडली होती. आज त्याच इमारतीच्या परिसरात सावित्रीबाईंचा पुतळा आहे आणि आतल्या मोठ्या दालनाचं नाव आहे संत ज्ञानेश्वर सभागृह. राणीचं नाव तिथे कुठल्याही पाटीवर शोधावं लागेल.

पुण्याला गेलात तर काय पाहाल?

विद्यापीठात अॅडमिशन, मार्कशीट, मायग्रेशन असं काही ना काही काम निघतंच. गेलात तर खिडकीवरचं काम झाल्यावर लगेच एसटी गाठू नका. मुख्य इमारत बाहेरून नीट पाहा. पोरं सोबत असतील तर त्यांना सुप्याची आणि चापेकरांची गोष्ट तिथेच सांगा. जवळच गणेशखिंडीचं जुनं सरकारी उद्यान आहे. दापोडीचं उद्यान गेल्यावर ते इथे उभं राहिलं आणि २०२० मध्ये त्याला जैवविविधता वारसा स्थळ म्हणून मान्यता मिळाली. वेळ असेल तर चिंचवडला चापेकर चौकातलं स्मारकही पाहता येईल.

ही इमारत उभी राहिली त्या वर्षांत आपल्याच तालुक्यांतून वाढीव सारा वसूल होत होता. न वाचता आलेल्या कागदावर अंगठा देऊन ज्यांच्या जमिनी गेल्या, त्यांची चौथी-पाचवी पिढी आज याच इमारतीच्या नावाने पदवी घेते. घरातल्या फ्रेमकडे पुढच्या वेळी पाहाल तेव्हा हेही आठवा, आणि ज्या पोरीचं शिक्षण बारावीवर थांबवायचं घरात चाललंय, तिच्या आई-बापाला ही माहिती जरूर पाठवा.